छटाकचं वजन

यंदा फाल्गुन सरतानाच नांदेडच्या आमच्या कॉलनीत टँकर आला. गोदावरी हाकेच्या अंतरावर, तरी टँकर. काल सकाळी खाली दोन बायकांचं जुंपलं. एकीच्या हातात रिकामी घागर, दुसरीच्या काखेत पांढरं, केसाळ कुत्र्याचं पिलू. घागरवाली ओरडत होती, "माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी कुत्र्याला आंघोळ घालून राहिल्यात?" मी गॅलरीचं दार लावून घेतलं. हे वाक्य मी एका उन्हाळ्यात रोज ऐकलं आहे. तेव्हा पिलू माझ्या काखेत होतं.

तो उन्हाळा उदगीरचा. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो. रेल्वेचे फोटो सगळीकडे छापून आले. आमच्या गल्लीतल्या शिव्या कुठं छापून आल्या नाहीत. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं, तेही चहाच्या रंगाचं. आणि त्याच गावात चौकाचौकात बॅनर झळकत होते, उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. पानाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच विषय. जिल्हा होणार, कलेक्टर कचेरी येणार, साहेब लोक भाड्यानं घरं शोधत फिरणार. गल्लीतले घरमालक एकाएकी आमच्याकडे असं बघू लागले, जणू आम्ही त्यांच्या साहेबांच्या जागेत झोपलो होतो.

मी तेव्हा एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवत होते. आई आदल्या वर्षी गेलेली. घरात मी आणि दादा. दादा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी उदगीरच्या मोंढ्यात मापाडी म्हणून काम केलं. शेतकरी माल आणतो, अडत्या विकत घेतो, आणि दोघांच्या मध्ये काटा धरतो तो मापाडी. दोघांच्याही शिव्या त्यालाच. गुडघे गेले तसं काम सुटलं, आणि आई गेली तसं बोलणं. दिवसभर भिंतीला टेकून बसायचे. जेवला का विचारलं तर मान हलवायचे. होकार की नकार ते मीच ठरवायचं.

माझा भाऊ विलास नांदेडला असतो. त्याला वाटलं, दादांना सोबत हवी. स्वतः येऊन राहण्यापेक्षा पिलू आणून देणं सोपं होतं. माघात एका रविवारी तो पिशवीतून ते घेऊन आला. दीड महिन्याचं, मुठीत मावेल एवढं, पांढरं. "टॉय पॉम हाय, दादा. खेळण्यातली जात. असंच राहतंय, मोठं होत न्हाई."

"मोठं होत न्हाई असं जगात काय असतंय?" दादा म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचं एवढं लांब वाक्य ऐकलं.

त्यांनी माळ्यावरून जुना ताजवा काढायला लावला. दोन पितळी पारड्यांचा हातातला तराजू, शेजारी लोखंडी वजनांची पेटी. एका पारड्यात टॉवेलची घडी, घडीवर पिलू. दुसऱ्या पारड्यात तेवढीच घडी, म्हणजे टॉवेल मोजला जायला नको. सहाशे ग्रॅम भरलं. दादांनी जुन्या वहीत तारीख टाकून आकडा लिहिला आणि म्हणाले, "छटाक." तेच त्याचं नाव पडलं.

मला तो आवडला नाही. खरं सांगते. रात्री कुईंकुईं करायचा, माझ्या वह्यांवर मुतायचा, आणि त्याच्या अंगावरचे ते दाट केस बघून मला उन्हाळ्यात अधिकच उकडायचं. ज्या गावात गुरं चारा छावणीला गेली होती, त्या गावात हे खेळणं कुणी आणायला सांगितलं होतं?

हेच पहिल्याच दिवशी घरमालकांनी विचारलं होतं. त्यांना सगळे शेठ म्हणत. मोंढ्यात त्यांची आडत होती, खाली ते राहत, वर दोन खोल्यांत आम्ही. त्यांची बायको बीदरकडची. तिनं नाक मुरडून विचारलं, "ही नायी कशाला आणली?" त्यांच्या कानडीत नायी म्हणजे कुत्रं. शेठ जिन्यात उभे राहिले. दादांशी ते कधी नावानं बोलले नाहीत.

"मापाडी, घर माणसाला दिलंय. उद्या हे वासराएवढं होईल, मग?"

दादा काही बोलायच्या आत विलास पुढं झाला. "अहो शेठ, तीन किलोच्या वर जाणारच न्हाई. गॅरंटी हाय माझी."

"तीन किलो?" शेठ हसले. "ठरलं. तीन किलोच्या वर गेलं की घर खाली."

विलास संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला निघून गेला. त्याची गॅरंटी आमच्या घरात राहिली.

अंगणात बोअर होता, गावातल्या थोड्या जिवंत बोअरांपैकी. त्याच्या तोटीला आम्ही हात लावायचा नाही, हे आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ठरलं होतं. दादांनी भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला, शेठाणीनं तो बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून "आमीच भरून देतो की" असं म्हणू लागली. बोलण्यात किती गोडवा! मी घागरी पायरीवर ठेवायच्या, ती वरून धार सोडायची. रोजच्या चार घागरी. छटाक आला त्या आठवड्यात चारच्या तीन झाल्या. मी विचारलं तर म्हणाली, "कुत्र्याला घालायला पाणी हाय ना तुमच्याकडं? मंग जादाच होत असंल."

गल्लीनंही तेच धरलं. मी शाळेतून येताना कुणी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचं, "मॅडमच्या कुत्र्याला बिसलरी लागतंय म्हणं." छटाक दिवसाला वाटीभर पाणी पीत होता. मी माझ्या वाट्याचं देत होते, आणि देताना त्याच्यावरच चिडत होते.

दादा मात्र उठून बसले. दर रविवारी सकाळी वजन. पोटात काही जायच्या आधी. "ओला माल तोलायचा नसतो," म्हणायचे. आठशे. नऊशे पन्नास. अकराशे. पारड्यात छटाक अंगाचं मुटकुळं करून बसायचा आणि दादा काट्याकडे डोळे बारीक करून बघायचे, जणू समोर कुणाच्या तरी वर्षभराची तूर आहे.

तीन महिन्यांचा झाला तेव्हा लस टोचायला आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, दिवसभर छावणीतली गुरं बघून वैतागलेला. तरी दादांची वही बघून तो खुर्चीत सरळ बसला. दादांनी विचारलं, "साहेब, ह्यो किती भरंल? पुरा वाढल्यावर?"

"मोठ्या जातीचं पिलू वर्ष-दीड वर्ष वाढतं, काका. ही छोटी जात. हिची वाढ लवकर उरकते. तीन महिन्यांच्या वजनाची दुप्पट करा, वर थोडं धरा. नऊ-दहा महिन्यांत थांबेल. आईबापाचं वजन माहीत असतं तर अजून पक्कं सांगितलं असतं."

"आईबाप मोबाइलमधी दावले म्हणं इकणाऱ्यानं."

डॉक्टर हसला. "मग कुणाचेही असतील."

वहीत त्या आठवड्याचा आकडा होता सोळाशे. दुप्पट बत्तीसशे, वर थोडं. ऑटोत बसल्या बसल्या दादा म्हणाले, "साडेतीन भरतोय." त्यांच्या आवाजात समाधान होतं. अंदाज बांधून झाला की मापाड्याला होतं तसलं. साडेतीन म्हणजे तीनच्या वर. जिल्ह्याच्या नुसत्या बातमीनं भाडी अशी चढली होती की माझ्या पगारात दुसऱ्या दोन खोल्या मिळणं कठीण. आणि आडनाव ऐकून खोल्या कशा एकाएकी 'कालच गेल्या' होतात, ते मला पाठ होतं.

मी काय केलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

दादा दुपारचे मोंढ्यात जाऊन जुन्या सोबत्यांबरोबर बसायचे. शाळा सकाळची झाली होती, त्यामुळं छटाकचं दुपारचं खाणं माझ्याकडे होतं. दूध-भाकरीचा काला आणि अर्धं उकडलेलं अंडं. मी आधी अंडं बंद केलं. मग भाकरी अर्धी केली. मग काही दुपारी वाटी ठेवलीच नाही. वाढ म्हणजे काय, अन्नच ना? मी विज्ञान शिकवणारी बाई. मला वाटलं, थोडं कमी घातलं तर जनावर थोडं कमी वाढेल आणि तीनच्या आत बसेल. यात क्रूर काही आहे असं मला वाटत नव्हतं. क्रूर खालचे होते, मी हिशेबी होते. छटाक रिकाम्या वाटीशी बसून माझ्याकडे बघायचा. मी पाठ करून वह्या तपासायची.

अठराशे. अठराशे पन्नास. पुढच्या रविवारी पुन्हा अठराशे पन्नास. त्याच्या पुढच्या रविवारी अठराशे चाळीस.

दादांनी पारडी पुसली. दोरी तपासली. सगळी वजनं पेटीतून काढून एकाशी एक लावून बघितली. दोनशेच्या समोर दोन शंभरची, पाचशेच्या समोर दोनशे-दोनशे-शंभर. अर्धा तास लागला. मग म्हणाले, "काटा खरा हाय." मग माझ्याकडे न बघता, "मग खोटं काय हाय?"

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

दोन दिवसांनी सकाळी छटाक उठला तो लटपटत. चार पावलं टाकून कडेला कलंडला. मान थरथरत होती, डोळे उघडे पण कुठंच बघत नव्हते. दादांनी त्याला धोतराच्या सोग्यात घेतलं. एरवी जिना उतरायला त्यांना पाच मिनिटं लागत. त्या दिवशी ते माझ्या आधी ऑटोत होते. दवाखान्यात डॉक्टरनं साखरेचं पाणी त्याच्या हिरड्यांना चोळलं, सुई लावली. पंधरा मिनिटांनी छटाकनं जीभ बाहेर काढली.

"अंगातली साखर उतरली," डॉक्टर म्हणाला. "एवढ्याशा पिलाला भूक सोसत नाही. दोन वेळा चुकल्या तरी असं होतं. उपाशी होता का हा?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यांना कळायचं ते त्या रविवारीच कळलं असावं. आता पक्कं झालं.

"हाव, साहेब," ते म्हणाले. "उपाशी होता. माझ्याकडून राहिलं."

त्या दिवसापासून दादांनी दुपारचं मोंढ्यात जाणं सोडलं आणि माझ्याशी बोलणंही. भांडले असते तर बरं झालं असतं. भाकरी वाढली की खायचे, ताट सरकवायचे. छटाकची वाटी स्वतः भरायचे. मी ती उचलायला गेले की हात आडवा घालायचे, हळूच, जसा पोत्याला हात लावणाऱ्या अडत्याच्या माणसाला घालत असतील. खाली शेठाणीची धार, वर दादांचा हात. त्या उन्हाळ्यात मला कुठंच काही सरळ मिळत नव्हतं, आणि अर्ध्याला कारण मीच होते. हे कळायचं आणि मी अजूनच सगळ्यांवर फणकारायची. वर्गातल्या पोरींवर, ऑटोवाल्यावर, त्या बॅनरवरच्या हात जोडलेल्या चेहऱ्यांवर.

छटाकनं मागं राहिलेलं भराभर भरून काढलं. जूनमध्ये पाऊस आला. गल्ली नाचली. आमची चौथी घागर काही परत आली नाही.

आषाढातल्या एका रविवारी शेठनी अंगणातून हाक मारली. "मापाडी, आन खाली ते. आज तोलूच." ओसरीवर दोन शेतकरी बसले होते, बियाण्याचं काहीतरी बोलायला आलेले. शेजारच्या दोन बायका आपोआप दारात आल्या. दादांनी त्या सकाळीच वजन केलं होतं, मला ठाऊक होतं. वही उघडीच होती. तीन किलो दीडशे.

दादा एका हातात छटाक, एका हातात ताजवा, काखेत वजनांची पिशवी घेऊन उतरले. शेठ म्हणाले, "त्या भंगारावर माझा इश्वास न्हाई. कुत्रं तुझं, काटा तुझा, मंग वजनबी तुझंच." त्यांनी आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला होता. त्यावर छटाकला बसवलं. आकडे पळाले आणि थांबले.

दोन किलो नऊशे पन्नास.

मी मोठ्यानं श्वास सोडला. शेठचा चेहरा पडला. त्यांनी आकड्याकडे असं बघितलं जसं घरच्याच कुत्र्यानं चावावं. मला तेव्हा वाटलं, सुटलो. पडक्या का होईनात, दोन खोल्या राहिल्या.

"चूक हाय," दादा म्हणाले.

मी त्यांचा सदरा ओढला. "दादा, चला वर."

"तीन किलो दीडशे हाय ह्यो. तुमचा काटा दोनशे ग्रॅम खाऊन राहिला, शेठ."

"गंजलेला ताजवा घिऊन मला शिकवतो का?"

दादांनी काखेतल्या पिशवीतून दोन किलोचं लोखंडी वजन काढलं. त्यावरचा सरकारी शिक्का ओसरीवरच्या दोघांना दाखवला. मग छटाकला खाली उतरवून ते वजन काट्यावर ठेवलं. आकडे पळाले. एक किलो आठशे सत्तर.

ओसरीवरच्या दोघांतला म्हातारा शेतकरी उठून काट्याजवळ आला. वाकून आकडा बघितला. "म्हंजी क्विंटलमागं?" त्यानं विचारलं.

"साडेसहा किलो," दादा म्हणाले. त्यांना आकडेमोड करावी लागली नाही.

म्हातारा शेठकडे वळला. "माझं सोयाबीन ह्याच काट्यावर गेलतं ना?"

शेठ का विसरले, हे मला अजून कोडं आहे. आपला काटा विकत घेताना कमी दाखवतो, हे ज्याला पक्कं ठाऊक, त्यानं त्यावर कुत्रं तोलावं? मला वाटतं, खोट्याची सवय झाली की तेच खरं वाटू लागतं. म्हाताऱ्याकडे पाठ करून ते वळले. दादांच्या अंगावर आले.

"तीन किलो दीडशे ना? तुझ्याच तोंडानं? मंग घर खाली कर. चार दिवसांत."

"करतो," दादा म्हणाले आणि वजन पिशवीत टाकून जिना चढू लागले. एकेक पायरी, गुडघ्यावर हात ठेवत.

मी त्यांच्या मागं वर आले आणि दार आपटलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. इमान पोटात घालून झोपायचं का, हे विचारल्याचं आठवतं. म्हातारा कुठला कोण, त्याच्या सोयाबीनसाठी आपलं छप्पर दिलं, हेही. दादा पेटीत वजनं रचत होते. मोठं खाली, लहान वर.

चार दिवस मी शाळा सुटली की खोल्या शोधत फिरले. तीन ठिकाणी 'कालच गेली' झालं. शेवटी स्टेशनच्या पलीकडं, गावाबाहेर, एकच खोली मिळाली, पत्र्याची. गल्लीतलं कुणी सामान उचलायला आलं नाही. शेठाणी दारात उभी राहून बघत होती. जाताना मी बोअरजवळ गेले, तोटी सोडली, ओंजळीनं पोटभर पाणी प्यायले आणि तोटी तशीच वाहती ठेवून निघाले. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या गावात पाणी वाया घालवलं. त्याचा पश्चात्ताप मला अजून झालेला नाही.

पुढं त्या शेठचं काही वाईट झालं असं मला ऐकू आलं नाही. आडत चालू आहे. गोष्टीत होतं तसं व्यवहारात होत नाही. उदगीरचा जिल्हाही अजून झालेला नाही. दर दोन-तीन वर्षांनी आवई उठते आणि कुणाला तरी घर सोडावं लागत असणार. मला पुढं नांदेडला नोकरी लागली. दादा तीन वर्षांपूर्वी गेले. छटाक दहाव्या महिन्यात तीन किलो सहाशेवर थांबला. नंतरचे तीन रविवार तोच आकडा आला, तेव्हा दादांनी वहीत खाली रेघ ओढली. त्यांचा साडेतीनचा अंदाज शंभर ग्रॅमनं चुकला. ते त्यांना बरेच दिवस लागलं होतं.

पत्र्याच्या खोलीतली पहिली संध्याकाळ. सामान बाहेरच पडलं होतं. दादा उंबऱ्यावर बसलेले, मी समोर उभी. दोन महिने त्यांनी माझ्याशी शब्द काढला नव्हता, आणि चार दिवस मी त्यांच्याशी.

"माझा राग आलाय तुला?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"येऊ दे. मलाबी तुझा आलता." मग म्हणाले, "अजून हाय."

ते जरा सरकले. उंबरा अरुंद होता, खांद्याला खांदा लागत होता, तरी मी बसले. समोरच्या वाटेनं छावणीतून परतलेल्या म्हशी चालल्या होत्या, फासळ्या मोजाव्यात अशा. छटाक वाटेत मधोमध उभा राहिला आणि जीव तोडून त्यांच्यावर भुंकू लागला. एकही म्हैस थांबली नाही. एकीनं नुसतं नाक फुरफुरवलं, तसा तो उलटा पडत धावत येऊन आमच्या दोघांच्या पायांमध्ये घुसला.

दादा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मी एवढ्यात हसणार नव्हते.